सुटलेलं नाव

त्या नावावर माझा डोळा होता, हे आधीच कबूल करून टाकते. छोटं, उच्चारायला सोपं, एकदा ऐकलं की स्पेलिंग विचारावं लागणार नाही असं, आणि पुढे डॉट कॉम. मला सुरू करायच्या असलेल्या एका लेखमालेला ते चपखल बसत होतं. पण ते दुसऱ्या कुणाकडे तरी होतं. पसंत पडलेल्या पण विकाऊ नसलेल्या घरावरून माणसं मुद्दाम चक्कर मारतात, तशी मी अधूनमधून त्याची नोंद उघडून बघायची. एके दिवशी नोंदीत ‘पेंडिंग डिलीट’ असे दोन शब्द दिसले. डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावांच्या, नादाला लागलेल्या कुणालाही विचारा, या दोन शब्दांनी काळजाचा ठोका चुकतो. पाच दिवसांत नाव सुटणार होतं.

आपण सर्रास ‘डोमेन विकत घेतलं’ म्हणतो, पण विकत असं काही मिळत नाही. नाव वर्षाच्या बोलीवर मिळतं, एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी. मुदत टळली म्हणून ते लगेच हातचं जातं असंही नाही. डॉट कॉमच्या बाबतीत आधी ४५ दिवसांपर्यंतची सवलत असते. रजिस्ट्रारने, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीने, ती दिली तर तेवढ्यात नेहमीचे पैसे भरून नाव राखता येतं. त्यानंतर नाव पुसायला दिलं गेलं तरी ३० दिवस ते सोडवून घेता येतं, मात्र चांगलाच दंड भरून. शेवटच्या पाच दिवसांत जुन्या मालकालाही काही करता येत नाही. मग न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारचे दोन वाजले की रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ वही सांभाळणारी संस्था, त्या दिवशीची नावं एकेक करून पुसायला घेते. पुसलेलं नाव त्या क्षणापासून ज्याचा हात आधी पोचेल त्याचं. याला ‘ड्रॉप’ म्हणतात.

हात म्हणजे माणसाचा हात नव्हे. मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसले असते तर नाव सुटल्याचं कळायच्या आतच ते गेलेलं असतं. ड्रॉप पकडणं हा स्वतंत्र धंदा आहे. प्रत्येक मान्यताप्राप्त रजिस्ट्रारला रजिस्ट्रीशी ठरावीकच जोडण्या मिळतात, म्हणून या धंद्यातल्या बड्या मंडळींनी शेकडो रजिस्ट्रार काढून ठेवलेत. कागदावर सगळे वेगवेगळे, मालक एकच. रांगेत एकाच माणसाने शंभर टोप्या घालून उभं राहावं तसा हा प्रकार, आणि तो नियमात बसतो. आपण त्यांच्याकडे बॅकऑर्डर, म्हणजे आगाऊ मागणी, टाकायची, नाव मिळालं तरच पैसे द्यायचे, आणि मागणारे एकाहून जास्त निघाले तर त्यांच्यात लिलाव. माझ्या नावाला दुसरं कुणी मागणारं नव्हतं. सकाळी उठले तर ते माझ्या खात्यात येऊन पडलेलं.

खरं तर मोक्याची नावं ड्रॉपपर्यंत पोचतच नाहीत. सवलतीच्या दिवसांतच बरेच रजिस्ट्रार ती लिलावात काढतात. म्हणजे ‘मुदत संपतेय, पैसे भरा’ अशी आठवण करायचं काम ज्याचं, तुम्ही विसरलात तर फायदाही त्याचाच. आयकॅन, म्हणजे १९९८ पासून जगभरच्या नावांचा कारभार बघणारी संस्था, तिचा नियम असा की मुदतीआधी निदान दोन आणि मुदतीनंतर एक सूचना पाठवलीच पाहिजे. पाठवतातही. त्या कुठल्या पत्त्यावर जातात हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

नव्या नावाचं पहिलं काम म्हणून मी ईमेल चालू केली आणि कॅच-ऑल लावलं. @च्या आधी कुणी काहीही लिहिलं तरी पत्र माझ्या एकाच पेटीत येऊन पडणार. सोय म्हणून केलं होतं. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर चौदा पत्रं. मी तर अजून कुणाला पत्ताच दिला नव्हता.

एका पुस्तकविक्रेत्याची जाहिरात. फोटो साठवणाऱ्या एका सेवेची सूचना, तुमची जागा भरत आलीय. फुकट पैसे देऊ करणारे दोन ठग. डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटची आठवण. आणि एक पत्र, दोन ओळींचं: ‘या महिन्याचा नकाशा आला नाही. तब्येत बरी आहे ना?’

ते पत्र मी दोनदा वाचलं आणि मग मला एकदम लक्षात आलं की मी दुसऱ्याचं पत्र वाचतेय.

नाव घेण्याआधी जे करायला हवं होतं ते मी तेव्हा केलं. वेबॅक मशीन, म्हणजे जुन्या वेबपानांच्या प्रती जपणारी साइट, उघडून त्या पत्त्यावर आधी काय होतं ते बघितलं. तारे बघायला शिकवणाऱ्या एका गृहस्थांची पानं होती. दर महिन्याला आकाशाचा एक नकाशा, हाताने काढून स्कॅन केलेला. मोठं वर्तुळ, कडेला दिशा, तेजस्वी ताऱ्यांना जाड ठिपके, मंद ताऱ्यांना बारीक. अक्षर शिक्षकाचं असावं असं, वळणदार आणि सुटं सुटं. शुक्राशेजारी दर वेळी एकच टीप: ‘याला शोधावं लागत नाही.’ अशी नऊ वर्षं. शेवटचा नकाशा नोव्हेंबरचा, आणि त्याखाली ‘डिसेंबरचा थोडा उशिरा येईल.’

मी त्यांना शोधायचं ठरवलं. नोंदीत मालकाचं नाव नव्हतं. २०१८ च्या मे महिन्यात युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाल्यापासून बहुतेक नोंदींत व्यक्तीचा तपशील झाकलेला असतो. एरवी मी या कायद्याची बाजू घेते, त्या दिवशी त्याचा राग आला. मग जुन्या साइटवरचं ‘संपर्क’ पान सापडलं. त्यावर ईमेलचा पत्ता होता. मी नीट, सविस्तर पत्र लिहिलं: तुमचं नाव सुटलं होतं, ते मी घेतलंय, परत हवं असेल तर कळवा, एक पैसाही नको. पाठवलं. क्षणभरात पेटीत नवं पत्र आल्याचा आवाज झाला. माझंच होतं. पत्ता त्याच डोमेनचा होता ना.

हसू आलं आणि मग आलं नाही. मुदत संपल्याच्या सूचनाही याच पत्त्यावर गेल्या असतील का? मुदत संपल्यावर बहुतेकदा नेमसर्व्हर, म्हणजे नावाकडे येणाऱ्यांना वाट दाखवणारी यंत्रं, बदलले जातात, पत्रव्यवहार बंद पडतो. म्हणजे शेवटची सूचना तर त्यांच्यापर्यंत बहुधा पोचलीच नसेल. की तोवर पत्र उघडायला कुणी राहिलंच नव्हतं? मला कळायला मार्ग नव्हता.

आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरत आले.

फोटो साठवणाऱ्या सेवेची ती सूचना मला जास्त छळत राहिली. त्या सेवेच्या पानावर जाऊन ‘पासवर्ड विसरलात?’ वर बोट ठेवलं असतं की नवा पासवर्ड ठरवायची लिंक माझ्याकडे आली असती. मग फोटो. मग त्या फोटोंतली माणसं. कसलंही कुलूप तोडावं लागलं नसतं. किल्ली पोस्टाने घरी येत होती. मी ते केलं नाही यात माझं कौतुक नाही. माझ्याऐवजी दुसऱ्या कुणी बॅकऑर्डर टाकली असती तर त्याने काय केलं असतं, हा विचार मात्र डोक्यातून जाईना.

आणि हे एकट्या माणसांपुरतं नाही. २०२४ मध्ये वॉचटॉवर नावाच्या सुरक्षा-संशोधकांच्या गटाला असं आढळलं की डॉट मोबी या अख्ख्या शाखेची (शाखा म्हणजे डॉट कॉमसारखा नावाचा शेवट) माहिती पूर्वी ज्या पत्त्यावरून मिळायची तो पत्ता मुदत संपून पडून आहे. त्यांनी तो २० डॉलरला उचलला. काही दिवसांत लाखाहून जास्त यंत्रं त्यांना विचारायला येऊ लागली. त्यात सरकारी होती, लष्करी होती, आणि कुठलं सुरक्षा-प्रमाणपत्र कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्यांचीही होती. नाव दुसऱ्याचं झालंय हे त्या यंत्रांना कुणी सांगितलंच नव्हतं. यंत्रं पाठ केलेल्या पत्त्यावर जातात. माणसंही तेच करतात, नकाशाची वाट बघणारी माणसं.

उलट बाजूही आहे, ती सांगितली नाही तर अन्याय होईल. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने रुग्णालयांपासून कारखान्यांपर्यंत सगळ्यांचे संगणक गोठवले. हा व्हायरस कामाला लागण्याआधी एका लांबलचक निरर्थक नावाच्या डोमेनचा दरवाजा ठोठावायचा आणि उत्तर आलं नाही तरच पुढे जायचा. मार्कस हचिन्स या तरुण संशोधकाच्या नजरेला पडलं की हे नाव कुणी नोंदवलेलंच नाही. त्याने ते १०.६९ डॉलरला नोंदवलं. व्हायरस थांबवायला म्हणून नाही, नुसता माग काढायला. त्याच्या धंद्यातली ती रोजची रीत. दरवाजातून उत्तर जायला लागलं आणि पसरणं थांबलं. एका मोकळ्या नावाची नोंदणी इतकी सत्कारणी लागल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

मला स्वतःला त्याहून जास्त आवडते ती १९९९ च्या नाताळातली गोष्ट. मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमचं नूतनीकरण करायला विसरली. हॉटमेल या तिच्या ईमेल सेवेत शिरण्याची वाट त्या नावावरून जायची, ती बंद पडली. अमेरिकेतल्या एका प्रोग्रॅमरला, तोही मायक्रोसॉफ्टच्या प्रतिस्पर्धी लिनक्सवर काम करणारा, कारण उमगलं. तेव्हाच्या पद्धतीत कुणाचंही बिल कुणालाही भरता यायचं. त्याने आपल्या कार्डावरून ३५ डॉलर भरले, नाव होतं त्याच्याच नावावर राहिलं, आणि तो मोकळा झाला. कंपनीने पुढे त्याला ५०० डॉलरचा चेक पाठवला. चूक लक्षात आल्यावर दोन गोष्टी करता येतात: नाव सुटायची वाट बघायची, नाहीतर मालकाला हाक मारायची. माझ्या हातात ‘पेंडिंग डिलीट’चे पाच दिवस होते, तेव्हा उशीर झाला होता हे खरं, पण त्याआधीचे पंच्याहत्तर दिवस मी नोंद उघडून बघतच होते की. मुदत टळल्याचं दिसलं होतं मला. मी काय केलं? बॅकऑर्डरचे दर बघितले.

जॉन पोस्टेल यांनी १९९४ मध्ये नावांच्या व्यवस्थेबद्दल एक टिपण लिहिलं होतं. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात नावं आणि क्रमांक यांचा हिशेब ते ठेवत. आयकॅन जन्मली त्याच वर्षी ते गेले. त्या टिपणात त्यांनी म्हटलंय की डोमेनवरच्या हक्काची आणि मालकीची चिंता करणं गैर आहे, चिंता करायची ती जबाबदारीची आणि लोकांच्या सेवेची. वाक्य वरच्या थरातल्या शाखा सांभाळणाऱ्यांना उद्देशून होतं, तुमच्या-माझ्यासारख्यांना नव्हे. तरी ते मला खाली पाझरायला हवं होतं असं वाटतं. पाझरलं नाही, कारण पुढच्याच वर्षी, १९९५ च्या सप्टेंबरात, तोवर फुकट मिळणाऱ्या नावांना दोन वर्षांचे १०० डॉलर पडू लागले. किंमत लागली की मालकीची भाषा आपोआप येते.

फुकटच्या काळातही सगळे साधू नव्हते म्हणा. जोशुआ क्विटनर या पत्रकाराने १९९४ मध्ये मॅकडोनाल्ड्‌स डॉट कॉम मोकळं आहे हे बघून स्वतःच्या नावावर केलं, कंपनीला कळवायचा प्रयत्न केला, कुणी धड दाद दिली नाही, तेव्हा त्यावर लेखच लिहिला. शेवटी कंपनीने एका शाळेच्या संगणकांसाठी ३,५०० डॉलर दिले आणि नाव घेतलं. त्याची ती गंमत होती. डेनिस टोपेनची नव्हती. त्याने शंभराहून जास्त नावं जमवली, त्यात पॅनाव्हिजन डॉट कॉम. कॅमेरे बनवणाऱ्या पॅनाव्हिजन कंपनीने नाव मागितलं तेव्हा त्याने १३,००० डॉलर मागितले, आणि साइटवर काय, तर इलिनॉयमधल्या पॅना नावाच्या गावाचे फोटो! हे वापराचं सोंग न्यायालयाने १९९८ मध्ये मानलं नाही.

त्यातूनच १९९९ मध्ये आयकॅनची तंटा सोडवायची पद्धत आली. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव माझ्या ट्रेडमार्कसारखं आहे, समोरच्याला त्यावर काही रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवलं आणि वापरलं. तिन्ही एकदम. पहिला निकाल कुस्ती दाखवणाऱ्या कंपनीच्या बाजूने लागला. समोरच्याने नाव नोंदवून तीन दिवसांत ते तिलाच १,००० डॉलरला देऊ केलं होतं. पद्धत वाईट नाही. पण ती ट्रेडमार्क ओळखते, माणूस ओळखत नाही. उझी निसान नावाच्या गृहस्थाने १९९४ मध्ये स्वतःचं आडनाव निसान डॉट कॉम म्हणून नोंदवलं. मोटारी बनवणाऱ्या कंपनीने १९९९ मध्ये त्याच्यावर एक कोटी डॉलरचा दावा लावला. नाव शेवटपर्यंत त्याच्याकडे राहिलं, पण मधली कित्येक वर्षं कोर्टात गेली. आडनाव असलेल्याची ही कथा, तर माझ्या नकाशावाल्या गृहस्थांकडे काय होतं? ना ट्रेडमार्क, ना वकील. कायद्याच्या लेखी मी सचोटीने घेतलं, संपलं.

हक्काचा प्रश्न आला की आपल्या भाषेत एक घोषणा तयार असते: कसेल त्याची जमीन. मला ती इथे फार उपयोगी वाटते, कारण ती दोन्हीकडून कापते. मुदत भरली नाही म्हणून कसणाऱ्याचं नाव जातं हे तिला पटणार नाही, आणि न कसता जमीन अडवून बसणाऱ्यालाही ती उठवते. आज जगात ३६ कोटींहून जास्त डोमेन नोंदलेली आहेत. तीन इंग्रजी अक्षरांची डॉट कॉम नावं १७,५७६ होऊ शकतात. ती केव्हाच संपली. चार अक्षरांची साडेचार लाखांवर होतात, तीही गेली. त्यातली कित्येक उघडून बघा, आत काही नाही. जाहिरातींच्या पाच-सहा ओळी आणि ‘हे नाव विकणे आहे’. पडीक शेतावर फक्त पाटी.

अडवून बसण्याचा कळस एके काळी ‘टेस्टिंग’ने, म्हणजे नावं नुसती चाखून बघण्याने, गाठला होता. नवं नाव पाच दिवसांत परत केलं तर पैसे परत, अशी सोय होती. टंकताना झालेली चूक सुधारायला. लोकांनी लाखांनी नावं उचलायची, पाच दिवस त्यावर जाहिराती लावून कुठलं कमावतं ते बघायचं, बाकीची परत टाकायची असं सुरू केलं. एका मोठ्या रजिस्ट्रारच्या प्रमुखाने तेव्हा दिलेला हिशेब असा: २००६ च्या एप्रिलमध्ये साडेतीन कोटी नावं नोंदवली गेली, त्यातली पैसे भरून ठेवलेली वीसेक लाख. मग आयकॅनने प्रमाणाबाहेर परत केलेल्या नावांवर शुल्क लावलं आणि परतीचं प्रमाण ९९.७ टक्क्यांनी कोसळलं. नीतीच्या गप्पा वर्षानुवर्षं चालल्या होत्या; काम वीस सेंटच्या आकारणीने सुरू झालं.

हे सगळं मी कुणाकडे बोट दाखवून लिहितेय असं वाटत असेल तर माझ्या खात्याची यादी सांगते. अकरा नावं. त्यातल्या दोनांवर काही तरी आहे. बाकीची ‘कधीतरी करू’. एखादी कल्पना सुचली, नाव मोकळं दिसलं, घेतलं, उत्साह दोन दिवसांत ओसरला, नाव राहिलं. दर वर्षी पैसे आपोआप कापले जातात. तीन वर्षांपूर्वी त्यातल्या एकाबद्दल मला पत्र आलं होतं. दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारा एक गट होता, पाच-सहा जणांचा. ते नाव म्हणजे त्यांच्या गटाचंच नाव. विकाल का, असं त्यांनी विचारलं होतं, फार संकोचाने. मी काय उत्तर दिलं ते आजही जुन्या पत्रांत आहे. नोंदणीच्या खर्चाच्या चाळीसपट आकडा सांगितला. मोलभाव होईल, पंधरापटीवर तुटेल असा हिशेब होता. विकणारे असंच करतात असं कुठेतरी वाचलं होतं. मोलभाव झाला नाही. ‘कळवल्याबद्दल आभार’ एवढंच आलं. त्यांनी दोन शब्दांच्या मध्ये आडवी रेघ घालून दुसरं नाव घेतलं. माझं नाव तसंच पडून राहिलं, त्यावर आजवर एक ओळही लिहिली गेलेली नाही.

टोपेनने निदान पॅना गावाचे फोटो तरी लावले होते.

नव्या शाखांबद्दलही दोन शब्द, कारण ‘सुटलेली नावं’ म्हटलं की काहींच्या डोळ्यांसमोर तीच येतात. २०१२ मध्ये आयकॅनने नव्या शाखांसाठी अर्ज मागवले, शुल्क एका अर्जाला १,८५,००० डॉलर, अर्ज आले १,९३०. त्यानंतर एकेक करत शाखा खुल्या होत गेल्या: आधी ट्रेडमार्कवाल्यांची पाळी, मग जास्त पैसे मोजणाऱ्यांची, मग उरलेल्यांची. इथली नावं कोरी असतात, आधी कुणी राहून गेलेलं नसतं. त्यामुळे डॉट अमुकवर एखादा साधा शब्द कुणी धावत जाऊन घेतला तर मला त्यात पाप दिसत नाही. डॉट सक्स ही शाखा २०१५ मध्ये आली तेव्हा मात्र गंमत उलटी झाली. तिथे आपल्या नावापुढे कुणी शिवी जोडू नये म्हणून कंपन्यांनी ते स्वतःच घ्यावं, आणि त्याचा भाव सुरुवातीला अडीच हजार डॉलरच्या घरात. अडवणूक करणारा इथे नोंदणी करणारा नव्हता, शाखा काढणाराच होता. आणि कोरं वाटणारं नावही दर वेळी कोरं असतंच असं नाही. डॉट अ‍ॅमेझॉन ही शाखा कंपनीला द्यायची म्हटल्यावर त्या नदीकाठचे देश वर्षानुवर्षं हरकत घेत राहिले. शेवटी ती कंपनीलाच मिळाली. नदीकडे ट्रेडमार्क नसतो.

बातमीवर नजर ठेवून नाव घेणाऱ्यांचं काय, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. दिल्लीतल्या एका ॲप-डेव्हलपरने दोन कंपन्या एकत्र येतील असा अंदाज बांधून २०२३ मध्ये जिओहॉटस्टार डॉट कॉम घेऊन ठेवलं, आणि अंदाज खरा ठरल्यावर त्या पानावर पत्र लावून केंब्रिजमधल्या शिक्षणाचा खर्च मागितला. कंपनीने दिला नाही. नाव पुढे दुबईतल्या दोन भावंडांकडे गेलं, त्यांनी ते कंपनीला फुकट देऊ केलं. त्या मुलाने कुणाचं काही हिरावलं नव्हतं, इतक्या मोठ्या कंपनीला इतकं साधं सुचू नये याची मजाही वाटते. पण २०२० च्या मार्चमध्ये कोरोना हा शब्द जोडून ज्यांनी शेकड्यांनी नावं उचलली, त्यांचाही अंदाजच खरा ठरला होता. फरक मला जाणवतो तो एवढाच की एका नावाकडे येणारी माणसं क्रिकेट बघायला येणार होती आणि दुसऱ्याकडे येणारी घाबरून.

येणारी माणसं. नकाशाच्या पत्रापासून मी फिरून फिरून तिथेच येते. नाव आधी कुणाचं होतं यापेक्षा अजून कोण तिथे येतंय, हे मी बघायला हवं होतं, आणि बघायला वेळ लागला नसता. वेबॅक मशीनवर पाच मिनिटं.

आता प्रश्न होता की या नावाचं करायचं काय. तुम्ही म्हणाल, सोडून द्या. मीही तेच करणार होते. मग कोण कोण त्या पानांकडे बोट दाखवतंय ते बघितलं: शाळा, तारे बघणाऱ्यांची मंडळं, एक वेधशाळा. असे जुने, सरळ मार्गाने मिळालेले दुवे सर्च इंजिनला विश्वासाचे वाटतात, आणि नेमके त्यासाठीच सुटलेली नावं उचलली जातात. मी सोडलं असतं तर त्या शाळेच्या पानावरची ‘आकाशाचा नकाशा’ ही लिंक काही आठवड्यांत जुगाराच्या पानावर गेली असती. घेतलं ते चुकलं, आणि सोडणं त्याहून वाईट. असा पेच मी स्वतःच्या खर्चाने विकत घेतला होता.

कॅच-ऑल काढून टाकलं. या डोमेनवर पत्र स्वीकारलं जात नाही अशी नोंद करता येते, ती केली. आता लिहिणाऱ्याला पत्र ताबडतोब परत मिळतं, निदान कुणी तरी वाचतंय असा समज राहत नाही. आलेली पत्रं पुसली. साइटवर एकच पान ठेवलं: इथे पूर्वी अमुक होतं, ते जपून ठेवलेलं इथे सापडेल, ही साइट आता त्यांची नाही. नकाशे उतरवून घेऊन मीच लावावेत असा मोह झाला होता. पण ते त्यांच्या हातचे होते, आणि मला कुणी विचारलेलं नव्हतं. माझी लेखमाला दुसऱ्या, बऱ्याच लांब नावाने चालू आहे. स्पेलिंग दर वेळी सांगावं लागतं.

दोन ओळी लिहिणाऱ्या त्या पत्रलेखकाला मी पुसण्याआधी उत्तर दिलं. मी ते नाही, नाव सुटलं होतं म्हणून माझ्याकडे आलं, त्यांच्याविषयी मला काही ठाऊक नाही. त्यांचं उत्तर आलं, ‘मग आता डिसेंबरचा येणार नाही तर.’

त्याच आठवड्यात मी यादीतली सात नावं पुढे चालू ठेवायची नाहीत असं ठरवलं. त्यांच्यावर कधी काही नव्हतंच, त्यामुळे त्यांच्या दारी कुणी येणार नव्हतं. आठवं नाव त्या ध्वनिमुद्रण करणाऱ्या गटाचं. त्यांना लिहिलं की तीन वर्षांपूर्वी मी फार वाईट उत्तर दिलं होतं, नाव तुमच्या खात्यात वळवून देते, काही देऊ नका. उत्तर लगेच आलं, आणि अजिबात राग नव्हता त्यात. आता दोन हजारांवर ऐकणारे आहेत, असं लिहिलं होतं. पत्ता त्यांना कानानेच लक्षात ठेवावा लागतो, म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला तो सावकाश म्हणून ध्वनिमुद्रित केलाय. तो बदलायचा तर सगळी पुस्तकं पुन्हा वाचावी लागतील. ‘तेव्हा राहू द्या. आम्हाला आता आडव्या रेघेची सवय झालीय.’